घरी पाय (pie) शिकताना: पारी एकच ठेवा, सारण बदला

पाय (pie), म्हणजे मैद्याच्या किंवा बिस्किटांच्या पारीत सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ, करायला सुरुवात केली तेव्हा मी दर आठवड्याला नवी पाककृती हाती घेत होतो. एकीत अंड्याची पारी, दुसरीत तेलाची, तिसरीत व्हिनेगरची. डिश कधी काचेची, कधी पत्र्याची. एकदा अ‍ॅपल पाय वरून इतका देखणा झाला की फोटो काढून ठेवला. सुरी घातली आणि आतला रस वाहत ताटभर पसरला. तळाची पारी उचलायला गेलो तर ती ओल्या पुठ्ठ्यासारखी बोटाला चिकटली. पुढच्या खेपेला पारीच आकसून डिशच्या बुडाशी जाऊन बसली. नेमकं काय चुकलं हे कळायला मार्ग नव्हता, कारण दर वेळी सगळंच बदललेलं असायचं.

शेवटी ठरवलं, पारी एकच. तिचं प्रमाण पक्कं, डिश पक्की, ओव्हनमधली जागा पक्की. बदलायचं ते फक्त सारण. तिथून पुढे एकेक गोष्ट सुटत गेली. आणि लक्षात आलं की पायचे बहुतेक बिघाड पाण्याचे असतात. पिठात पाणी जास्त झालं की पारी वातड. बटर वेळेआधी वितळलं की पापुद्रे नाहीत. फळाचं पाणी बांधलं नाही की तळ कच्चा. हे पाणी कुठून येतं, कुठे जातं याचा हिशेब ठेवत खालच्या क्रमाने गेलात, तर माझे गेले तसे तुमचे महिने जाणार नाहीत.

## १. आधी एवढं जवळ घ्या

- ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. कपाचा भरवसा धरू नका. मैदा भुरभुरत भरला तर कपात सुमारे १२० ग्रॅम बसतो, दाबून भरला तर १५०. तीस ग्रॅमच्या या फरकात पारीचा सगळा पोत बदलतो.
- २३ सेंटीमीटरची (९ इंची) धातूची डिश. धातू लवकर तापतो, त्यामुळे तळ चांगला भाजला जातो. काचेची डिश सावकाश तापते, पण तळाचा रंग बाहेरून दिसतो. घरात काचेचीच असेल तर तीच वापरा, पण सगळे पाय तिच्यातच करा.
- ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर. बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांत २० अंशांचा फरक सहज असू शकतो.
- लाटणं, मऊ ब्रश, बारीक चाळणी, बेकिंग पेपर, थंड करायची जाळी, आणि एक जाड ट्रे.
- किलोभर कोरडे तांदूळ किंवा राजमा. हे खायला नाही, वजनाला. एकदा भाजले की शिजवण्याच्या कामाचे राहत नाहीत. वेगळ्या बरणीत ठेवा आणि दर वेळी तेच वापरा.

साहित्यात मैदा, बिनमिठाचं बटर, साखर, मीठ, कॉर्नफ्लोअर, अंडी, लिंबं. बटर बिनमिठाचंच घ्या, म्हणजे मीठ तुमच्या हातात राहतं.

## २. पहिला पाय बिस्किटांचा करा

यात लाटायचं काहीच नाही, आणि तेच हवंय. या पायमधून फक्त आपला ओव्हन ओळखायचा.

साध्या गोड बिस्किटांचा २०० ग्रॅम बारीक चुरा करा. त्यात ९० ग्रॅम वितळलेलं बटर आणि चिमूटभर मीठ मिसळा. मूठ वळून पाहा. चुरा मुठीचा आकार धरतो आणि बोटाने टोकलं की मोडतो, तर प्रमाण बरोबर. सपाट बुडाच्या पेल्याने डिशमध्ये दाबून बसवा आणि १७५ अंश सेल्सिअसला १० मिनिटं भाजा.

सारणासाठी सुमारे ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, ४ अंड्यांचे बलक आणि १२० मिली लिंबाचा रस एकत्र फेटा. रस पडताच मिश्रण दाट व्हायला लागतं. आंबटपणामुळे दुधातली प्रथिनं एकमेकांना धरतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा ‘की लाइम’ (तिथलं लहान लिंबू) पाय याच तत्त्वावर उभा आहे. २००६ साली त्या राज्याने त्याला आपला अधिकृत पाय ठरवलं. १७५ अंशांवर १५ मिनिटं भाजा, निववा आणि चार तास फ्रिजमध्ये ठेवा.

हा पाय भाजताना थर्मामीटर बघत राहा. कुठली बाजू आधी लाल होते, दार उघडल्यावर उष्णता किती उतरते, हे वहीत लिहून ठेवा. पुढे कामी येतं.

## ३. पारी: इथे घाई करू नका

एका २३ सेंटीमीटर डिशच्या तळाला लागणारं प्रमाण असं:

- मैदा १६० ग्रॅम
- थंड बटर ११० ग्रॅम
- मीठ पाव चमचा, साखर एक चमचा
- बर्फाचं पाणी ४० ते ५० मिली

वर झाकण असलेला पाय करायचा असेल तर सगळं दुप्पट.

बटरचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि १५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. हवा उष्ण असेल तर मैद्याचं भांडंही थंड करा. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं. तळहाताची ऊब त्याला पुरते. म्हणून बोटांची टोकंच वापरायची, तळवा लावायचा नाही.

आता बटर मैद्यात घोळवा आणि एकेक तुकडा अंगठा आणि तर्जनीत धरून चपटा करा. चोळायचं नाही, दाबून सोडायचं. पाच-सहा मिनिटांत भांड्यात दोन प्रकार दिसायला हवेत: काही मैदा ओलसर रव्यासारखा पिवळसर झालेला, आणि त्यात वाटाण्याएवढ्या, नखाएवढ्या बटरच्या चकत्या. या चकत्या दिसल्या की थांबा. मी सुरुवातीला सगळं एकजीव होईपर्यंत चोळायचो, कारण गुठळ्या म्हणजे आळस असं वाटायचं. पण पापुद्रे येतात ते त्या गुठळ्यांमुळेच. बटरमध्ये साधारण १६ ते १८ टक्के पाणी असतं. ओव्हनच्या उष्णतेने चकती वितळते, तिच्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ आजूबाजूच्या पिठाचे थर उचलून धरते. चकतीच उरली नाही तर उचलणार कोण?

पाणी चमच्या-चमच्याने घाला. आधी तीन मोठे चमचे (सुमारे ४५ मिली) शिंपडून काट्याने हलवा, मग मूठभर पीठ दाबून बघा. एकसंध राहिलं तर पाणी पुरे. गोळा भेगाळलेला, थोडा भुसभुशीत दिसेल. तो तसाच हवा. पहिला मोठा सापळा इथे आहे. गोळा गुळगुळीत दिसावा म्हणून आपण आणखी पाणी घालतो आणि मळतो. पाणी आणि मळणं यांनी मैद्यात ग्लुटेन या चिवट प्रथिनाचं जाळं तयार होतं, पारी चिवट होते आणि भाजताना आकसते. कडेला कोरडं पीठ उरलं असेल तर तिथेच ओलं बोट लावा.

गोळा चपटा करून गुंडाळा आणि किमान एक तास फ्रिजमध्ये ठेवा. या तासात कोरड्या जागी पाणी मुरतं, ताणलेलं ग्लुटेन सैल होतं, बटर पुन्हा घट्ट होतं. तासाभराने गोळ्याकडे बघा, भेगा बऱ्याच मिटलेल्या असतील. हा तास वाचवायचा प्रयत्न मी अनेकदा केला, आणि दर वेळी पारी आकसली.

## ४. लाटणं आणि बसवणं

गोळा बाहेर काढून पाच-दहा मिनिटं थांबा, नाहीतर कडा फाटतात. मधून बाहेर लाटा, दर दोन-तीन फेऱ्यांनी पारी पाव फेरा फिरवा आणि खाली मैदा भुरभुरवा. जाडी ३ मिलिमीटर, व्यास ३० सेंटीमीटर. लाटताना पारीवर बटरचे पिवळे ठिपके दिसले तर काम नीट चाललंय असं समजा. पारी लिबलिबीत किंवा तेलकट वाटली की हट्ट करू नका, ट्रेवर घालून दहा मिनिटं फ्रिजमध्ये सरकवा.

लाटण्यावर गुंडाळून डिशवर उलगडा. मग कडा उचलून पारीला आपल्या वजनाने कोपऱ्यात उतरू द्या. कोपऱ्यात बोटाने ओढून ताणलेली पारी भाजताना पुन्हा आपल्या जागी परतते, आणि आपण ओव्हनला दोष देतो. कडेला दोन सेंटीमीटर ठेवून बाकीची कापा, खाली दुमडा, बोटांनी मुरड घाला. डिशसकट पुन्हा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

## ५. रिकामी पारी आधी भाजून घेणं

कस्टर्डचे (अंडं-दुधाच्या सारणाचे) आणि न भाजता भरायचे पाय यांना हे लागतंच. कस्टर्ड साधारण ८० अंशांना बसतं, आणि ओल्या सारणाखालची पारी ओली असेपर्यंत १०० अंशांच्या वर जात नाही. म्हणजे सारण तयार होईल तेव्हा तळ कच्चाच असणार. म्हणून तळ आधीच भाजून घ्यावा लागतो.

थंड पारीवर बेकिंग पेपर अंथरा, तो कोपऱ्यापर्यंत नीट दाबा आणि तांदूळ किंवा राजमा काठोकाठ भरा. नुसता तळ झाकला तर बाजू घसरतात; अर्धी डिश भरून मी हा अनुभव घेतला आहे. १९० अंशांना २० ते २५ मिनिटं भाजा. कडेला फिकट सोनेरी रंग आला की कागदासकट वजन उचला आणि पारी आणखी १० ते १५ मिनिटं ठेवा. तळ ओलसर, काचेसारखा दिसत असेल तर तो अजून कच्चा आहे. तो कोरडा, मॅट दिसायला हवा. गरम असतानाच अंड्याच्या पांढऱ्याचा पातळ हात फिरवला आणि दोन मिनिटं परत ठेवलं, तर ओल अडवणारा एक पडदा तयार होतो.

## ६. कस्टर्डचा पाय: भोपळा

भोपळा उकडू नका, भाजा. उकडताना तो आणखी पाणी पितो. भाजून गर काढा आणि कढईत मंद आचेवर परता. चमचा ओढल्यावर मागे रेघ राहिली पाहिजे. असा ४०० ग्रॅम गर, २ अंडी आणि १ बलक, २५० मिली क्रीम, १४० ग्रॅम साखर, दालचिनी, सुंठ, चिमूटभर मीठ. फेटा, पण फेस करू नका. बुडबुडे वर येऊन खड्डे पडतात. भाजलेल्या पारीत गाळून ओता. उरलं तर वाटीत घालून वेगळं भाजा, डिश ओसंडू देऊ नका.

१८० अंशांना ४५ मिनिटांच्या आसपास. डिश हलकेच हलवून बघा: कडा बसलेली आणि मधला तळहाताएवढा भाग एकसंध थरथरणारा, की बाहेर काढा. पाण्यासारखी लाट उठत असेल तर थांबा. मध्यभागही घट्ट होईपर्यंत वाट पाहिलीत तर निवताना वरती भेग पडते, कारण अंड्याची प्रथिनं जास्त आवळली गेलेली असतात.

## ७. अ‍ॅपल पाय: फळाचं पाणी बाहेर काढा

माझं ताट रसाने भरलं होतं तो हाच. त्यावर उपाय सापडायला बरेच किलो सफरचंद गेले.

घट्ट आणि आंबट फळ निवडा. ग्रॅनी स्मिथ (हिरव्या सालीची आंबट जात) चांगलं. त्याच्याबरोबर एखादी गोडसर, कडक जात मिसळली तर चव भरते. खाताना मऊ, पिठूळ लागणारं सफरचंद आत लगदा होतं. सोलून १ किलो फोडी भरायला हव्यात, जाडी ६ ते ७ मिलिमीटर. त्यांना १२० ग्रॅम साखर, एक मोठा चमचा लिंबाचा रस, एक चमचा दालचिनी आणि चिमूटभर मीठ लावून पाऊण तास झाकून ठेवा.

मग चाळणीत ओता आणि खाली काय जमलं ते बघा. अर्धा कपभर रस सहज निघतो. हा सगळा रस आजवर पारीच्या तळाशी जात होता. तो टाकू नका, सगळी चव त्यातच आहे. छोट्या पातेल्यात उकळून निम्मा करा. चमच्याच्या पाठीला सरबरीत चिकटला की उतरवा. निवल्यावर फोडींत परत घाला आणि वर दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर भुरभुरवा. या पाऊण तासाचा दुसरा फायदाही आहे. फोडी आधीच मऊ पडून बसतात, त्यामुळे भाजताना फळ खाली बसून झाकणाखाली पोकळी राहायची, ती कमी होते.

ओव्हन २२० अंशांना तापवताना जाड ट्रे आत, खालच्या फळीवर ठेवा. डिश याच तापलेल्या ट्रेवर जाते आणि तळाला पहिल्या मिनिटापासून उष्णता मिळते. तळाची पारी यात आधी भाजायची नाही, कारण झाकण तिला जोडायचं असतं. सारण गच्च, मधे उंच भरा. कडेला पाण्याचं बोट फिरवून झाकण बसवा. दोन्ही थर एकत्र दुमडून मुरड घाला. अंडं आणि चमचाभर दूध फेटून वर लावा (अंडं नको असेल तर नुसतं दूध किंवा क्रीम), आणि वाफेसाठी पाच-सहा लांब चिरा द्या.

२२० अंशांना २० मिनिटं, मग १९० अंशांना ४० मिनिटांच्या आसपास. दुसरा मोठा सापळा: रंग आला म्हणून बाहेर काढणं. रंग वरच्या पारीचा असतो, आतल्या सारणाचा नाही. चिरांमधून रस उकळताना दिसला पाहिजे, आणि बुडबुडे जाड, संथ फुटले पाहिजेत. पातळ, भराभर फुटणारे बुडबुडे म्हणजे कॉर्नफ्लोअर अजून बसलेलं नाही. कडा करपायला लागली तर तेवढीच फॉइलने झाका.

मग तीन ते चार तास थांबा. खरंच थांबा. गरम असताना रस पातळच असतो. कॉर्नफ्लोअरची पकड निवताना घट्ट होते.

याच पद्धतीने बेरी किंवा चेरीचा पाय करताना कॉर्नफ्लोअर जवळपास दुप्पट लागतं. गोठवलेली फळं जास्तच पाणी सोडतात, ती आधी वितळवून रस वेगळा आटवा.

## ८. लेमन मेरिंग: रात्रीत पाणी होण्याचं कोडं

खाली लिंबाचं सारण आणि वर मेरिंग, म्हणजे साखर घालून फेटलेला अंड्याचा पांढरा, असा हा पाय. त्याने मला सगळ्यात जास्त छळलं आणि सगळ्यात जास्त शिकवलं. संध्याकाळी सारण खीर आळावी तसं घट्ट, सकाळी डिशमध्ये पिवळं पाणी. तीनदा. दर वेळी मी कॉर्नफ्लोअर वाढवत गेलो, आणि दर वेळी तेच.

चूक बलकात होती. अंड्याच्या बलकात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते कॉर्नफ्लोअरमधला स्टार्च तोडतं. बलक घातल्यावर फुटतील या भीतीने मी आच लगेच बंद करायचो, त्यामुळे विकर जिवंत राहायचं आणि रात्रभर आपलं काम करायचं. म्हणून:

- ३५० मिली पाणी, २०० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर ढवळत उकळा, दाट होऊ द्या.
- त्यातलं थोडं गरम मिश्रण ४ बलकांत फेटून मिसळा, मग ते सगळं परत पातेल्यात ओता.
- पुन्हा खळखळून उकळी आणा आणि ढवळत एक ते दोन मिनिटं तशीच ठेवा. स्टार्च असल्यामुळे बलक फुटत नाहीत.
- आच बंद करून १२० मिली लिंबाचा रस आणि ३० ग्रॅम बटर घाला. रस आधीच घातला तर आंबटपणाबरोबर उकळून स्टार्चची पकड सैल होते.

मेरिंगसाठी ४ पांढरे आणि ११० ग्रॅम साखर एका भांड्यात घेऊन उकळत्या पाण्याच्या वाफेवर ढवळत ७० अंशांपर्यंत तापवा, मग घट्ट होईपर्यंत फेटा. भाजलेल्या पारीत गरम सारण ओता आणि लगेच मेरिंग पसरा, आधी कडेला, मग मधे. कडेच्या पारीला ते चिकटलं पाहिजे, नाहीतर आकसून मधे गोळा होतं. गरम सारणाने त्याची खालची बाजू शिजते, त्यामुळे मधे पाण्याचा थर साचत नाही. १८० अंशांना रंग येईपर्यंत, साधारण १२ ते १५ मिनिटं. हा पाय त्याच दिवशी संपवा.

## ९. तिखटामिठाचा पाय

पारी तीच, फक्त साखर वगळा. भाज्या असोत की चिकन, सारण ग्रेव्हीसारखं पातळ नको; चमच्यातून पडताना थबकावं इतकं दाट हवं. मश्रूम घालणार असाल तर पाणी पूर्ण आटेपर्यंत आधी परता. आणि सारण पूर्ण थंड करूनच भरा. कोमट सारणानेही पारीतलं बटर ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळतं. २०० अंशांना ३५ ते ४० मिनिटं.

उभ्या, जाड भिंतींच्या पोर्क पायची पारी मात्र पूर्ण वेगळी असते: उकळतं पाणी आणि चरबी मैद्यात ओतून केलेली. पापुद्र्यांची पारी हातात बसल्यावर तिच्या वाटेला जा.

## १०. ठेवणं आणि गोठवणं

फळांचा पाय बाहेर झाकून दोन दिवस राहतो. हवा उष्ण असेल तर फ्रिजच बरा. अंडं-दुधाचे पाय ओव्हनमधून काढल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजेत. पुन्हा गरम करताना मायक्रोवेव्ह टाळा, पारी लिबलिबीत होते. १८० अंशांच्या ओव्हनमध्ये १५ मिनिटं ठेवली की पापुद्रे परत कुरकुरतात.

अ‍ॅपल पाय न भाजता गोठवता येतो, आणि पाहुणे येणार असतील तेव्हा हे फार उपयोगी पडतं. धातूच्या डिशमध्ये भरा, झाकण लावा, पण चिरा आणि अंडं भाजायच्या वेळीच. न वितळवता थेट तापलेल्या ट्रेवर ठेवा आणि नेहमीपेक्षा २० ते ३० मिनिटं जास्त द्या. काचेच्या डिशमध्ये हे कधीच करू नका. फ्रीझरमधली काच तापलेल्या ओव्हनमध्ये गेली की तडकते.